शिक्का मारलेली लग्नपत्रिका

१९७६ साली कऱ्हाडहून शिकायला पुण्यात आलो आणि शनिवार पेठेतल्या एका वाड्यात माडीवरची खोली घेतली. भाडं पस्तीस रुपये. दुसऱ्या वर्षी घरून मनिऑर्डर येईना आणि चार महिन्यांचं भाडं तुंबलं. मालकीणकाकूंनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. उलट संध्याकाळी जिन्याखालून हाक यायची, "अरे, सोलकढी केलीय, भांडं घेऊन ये!"

काकूंचं माहेर फोंड्याकडचं. मी बी. ए.ला इतिहास घेतलेला. एकदा गॅलरीत मोठ्यानं घोकत होतो, १९ डिसेंबर १९६१, भारतीय सैन्य, छत्तीस तासांत गोवा मुक्त. खाली तांदूळ निवडणाऱ्या काकूंनी सूप बाजूला ठेवलं.

"छत्तीस तास? आणि त्याआधी आम्ही काय झोपलो होतो?"

ट्रंकेतून त्यांनी स्वतःची लग्नपत्रिका काढली. कागद पिवळा पडलेला, कोपऱ्यात कुंकवाचं वाळलेलं बोट आणि त्याशेजारी तिरका उमटलेला सरकारी शिक्का. पोर्तुगीज हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत गोव्यात सेन्सॉरने पाहिल्याशिवाय लग्नपत्रिकासुद्धा छापता येत नसे. "गणपतीआधी पाखल्यांची परवानगी," काकू म्हणाल्या. गोव्यात पोर्तुगीजांना पाखले म्हणतात, हे मला तेव्हा कळलं.

मग त्या सुधाताई जोशींवर आल्या. महादेवशास्त्र्यांच्या पत्नी, संसार पुण्यातला. ६ एप्रिल १९५५ रोजी म्हापशात गोवा नॅशनल काँग्रेसचं अधिवेशन भरलं, बंदी असताना. सुधाताई अध्यक्ष. भाषण वाचत असतानाच त्यांना धरलं. सुटायला १९५९ उजाडलं. शास्त्रीबुवांच्या संस्कृतिकोशाचे खंड मी ग्रंथालयात चाळत असे, पण हे त्या घरातलं कुणी मला सांगितलं नव्हतं. कोश माहीत, बाई माहीत नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ही शोभणारी गोष्ट नव्हे.

काकू स्वतः सत्याग्रहाला गेल्या नाहीत. पदरी तान्हं मूल. त्या वर्षी मे महिन्यात नानासाहेब गोरे आणि सेनापती बापटांची तुकडी गोव्यात गेली, तेव्हापासून वाड्यातल्या बायका सत्याग्रहींसाठी भाकऱ्या थापत. कोरडी चटणी, कांदा, जुन्या धोतराच्या फडक्यात गाठ. परत आलेल्यांच्या पाठी त्यांनी हळद-तेलानं शेकल्या. "वळ मोजत नसू," म्हणाल्या, "नाहीतर हात चालला नसता." १५ ऑगस्टला वीसहून अधिक माणसं पोर्तुगीजांच्या गोळीबारात पडली. सागरहून आलेल्या सहोद्राबाई राय झेंडा हाती घेऊन पुढे झाल्या आणि त्यांनाही गोळ्या लागल्या. त्या वाचल्या, पुढे खासदार झाल्या. मोझांबिकहून आणलेल्या शिपायांचा मात्र काकूंना राग नव्हता. "त्यांच्याही डोक्यावर पाखलेच की."

त्यानंतर सरहद्द बंद झाली. मधल्या काळात काकूंची आई गेली. पत्र पोचलं ते तेरावं होऊन गेल्यावर. हे सांगताना त्या पुन्हा सूप पुढे ओढून बसल्या आणि बराच वेळ एकही खडा त्यांना सापडला नाही.

शाळेत नोकरी लागल्यावर चार महिन्यांचे एकशे चाळीस रुपये घेऊन गेलो. काकूंनी नोटा मोजून घेतल्या, कोनाड्यात ठेवल्या, आणि पत्रिका माझ्या हातात दिली. "शाळेत दाखव पोरींना. पण जपून हो, आणि परत आण."

तीस वर्षं दाखवतोय. काचेखाली घातलीय, तरी पोरी बोटं टेकवतातच. काकू जाऊनही आता बरीच वर्षं झाली. गेल्या महिन्यात त्यांच्या सुनेचा फोन आला: नातीचं लग्न ठरलंय, आजीची पत्रिका मांडवात लावायचीय, तुमच्याकडे आहे ना?

आहे म्हणालो. रविवारी आणून देतो म्हणालो. त्यानंतर तीन रविवार झाले.