समुद्राचा सातबारा

मालवण सागरी अभयारण्याचं क्षेत्रफळ २९.१२२ चौरस किलोमीटर आहे. त्यातला ३.१८२ चौरस किलोमीटर गाभा, उरलेला २५.९४ बफर. तीन दशांशांपर्यंतचा हिशेब म्हणजे साधारण दहा गुंठ्यांचासुद्धा घोळ नको, इतकी अचूकता. १९८७ च्या एप्रिलमध्ये हे अभयारण्य जाहीर झालं. समुद्राची इतकी काटेकोर मोजणी करणाऱ्या त्या अनाम कारकुनाबद्दल मला नेहमी आदर वाटत आला आहे. कारण किनाऱ्यावर उभं राहिलं की यातली एकही रेघ दिसत नाही.

जमिनीवर नियोजन करणाऱ्यांचं बरं असतं. सर्व्हे नंबर असतो, सातबारा असतो, बांध असतो, हद्दीचे दगड असतात. मोजणीदार येतो, शेजारी भांडतात, पंच बसतात. भांडणाला का होईना, पण जागा ठरलेली असते. आम्ही किनाऱ्याचं आणि समुद्राचं नियोजन करणारे लोक पाण्यावर पट्टे रंगवतो. त्या पट्ट्यांखालचा मासा हलतो, वाळू हलते, आणि किनाऱ्याची रेषा दिवसातून दोनदा पुढे-मागे सरकते. मालवणचा पद्मगड हे त्याचं छान उदाहरण. भरतीला तो बेट असतो, ओहोटीला दांडीच्या किनाऱ्यावरून लोक तिथे चालत जातात. अभयारण्याचा गाभा याच पद्मगडाभोवती आणि आसपासच्या बुडालेल्या खडकांभोवती आखलेला आहे. आता बेटाचे नियम लावायचे की किनाऱ्याचे, हा प्रश्न दर सहा तासांनी नव्याने पडतो असं म्हणायला हरकत नाही.

अभयारण्याची पूर्वेकडची हद्द कशी सांगितली आहे पाहा. मालवणच्या अर्धवर्तुळाकार पुळणीला समांतर, किनाऱ्यापासून ५० मीटरवर. उत्तरेला बंदरापासून ५० मीटर, दक्षिणेला एक खडक, पश्चिमेला आणखी एक खडक. कार्यालयात बसून हे वाचलं की अगदी समंजस वाटतं. किनारा लोकांना ठेवला, पुढचं पाणी राखलं. पण त्याच पुळणीवर रापण लागते.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. दोराचं एक टोक पुळणीवर माणसांच्या हातात राहतं. होडी जाळं सोडत समुद्रात जाते, वळसा घेते आणि दुसरं टोक घेऊन लांबवर किनाऱ्याला लागते. मग दोन्हीकडून पन्नास-पन्नास हात लागतात. म्हातारेकोतारे, शाळेतून आलेली पोरं, बायका, सगळे. ओढणाऱ्या प्रत्येकाचा वाटा असतो. हा वळसा पन्नास मीटरच्या आत बसणं शक्यच नाही. म्हणजे रापण किनाऱ्यावर सुरू होते, अभयारण्यात शिरते आणि किनाऱ्यावर परत येते. वन्यजीव कायद्याच्या अक्षराला धरून चालायचं तर अभयारण्यातून परवान्याशिवाय काहीही काढून नेता येत नाही. आज कोणी रापणीवर गुन्हा दाखल करत नाही हे खरं. पण ‘आज करत नाही’ या आधारावर माणूस पोराला धंद्यात घालत नाही.

एका बैठकीत मी टेबलावर नकाशा पसरून गाभा आणि बफर समजावून सांगत होते. दांडीकडचे एक वयस्क रापणकर बराच वेळ नकाशावर वाकून पाहत राहिले. मग म्हणाले, “बाय, हो लाल पट्टो खंयसून खंय जाता ता कळला. आता आमची रापण खंय घालूची ता सांग.” मी म्हटलं, “आबा, तेच विचारायला आलेय.” त्यावर मागून एक जण म्हणाला, “पट्टो मारूच्या आधी इचारतत, बाय. मागसून नाय.”

याला उत्तर नाही. आधी विचारायला हवं, हे कायद्यानेसुद्धा उशिरा मान्य केलं. समुद्रात अभयारण्य करायचं तर हद्द नौदलाच्या मुख्य जलआलेखकांशी विचारविनिमय करून ठरवावी आणि स्थानिक मच्छीमारांच्या धंद्याच्या हिताचं पुरेसं संरक्षण करूनच ठरवावी, असं वन्यजीव कायद्याच्या २६-अ कलमात म्हटलं आहे. कलम चांगलं आहे. पण ते कायद्यात आलं १९९१ च्या दुरुस्तीने, म्हणजे मालवणच्या अधिसूचनेनंतर चार वर्षांनी. तोवर मच्छीमारांच्या मनात ‘अभयारण्य’ या शब्दाचा अर्थ पक्का झाला होता. तेव्हापासूनचा विरोध आणि रेंगाळलेली अंमलबजावणी हा सगळ्यांना ठाऊक असलेला इतिहास आहे.

बरं, पट्टे मारणारं खातं एकच असतं तरी चाललं असतं. सिंधुदुर्ग किल्ला घ्या. १६६४ मध्ये कुरटे बेटावर त्याचा पाया घातला गेला. आज त्या बेटावर आणि भोवतालच्या पाण्यावर किती रंग चढले आहेत ते मोजून पाहावं. किल्ला भारतीय पुरातत्त्व खात्याकडे. त्यामुळे भोवतीचे १०० मीटर प्रतिबंधित, त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित. भोवतालचं पाणी वनखात्याच्या अभयारण्यात. प्रवासी होड्या आणि जेट्टी मेरीटाइम बोर्डाकडे. मासेमारी मत्स्यव्यवसाय खात्याकडे, १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्याखाली. वर सीआरझेड, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राचे नियम, आहेतच, आणि त्याच्या २०११ व २०१९ च्या दोन्ही अधिसूचनांत मालवणचं नाव अतिसंवेदनशील किनारी क्षेत्रांच्या यादीत. त्या यादीचं वैशिष्ट्य असं की अशा क्षेत्राचं व्यवस्थापन मच्छीमार समाजाला सोबत घेऊन करावं असं तिथे स्पष्ट लिहिलं आहे. त्यात २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून सिंधुदुर्गही गेला. एका खडकाला इतके पालक, आणि त्याच खडकापाशी बेधडक नांगर टाकणाऱ्या होडीला हटकायचं कोणी, यावर मात्र एकमत नाही.

बाहेर हे कसं करतात, असं लोक विचारतात. उत्तरादाखल दोन टोकांची दोन उदाहरणं देते.

पहिलं फिलिपिन्समधल्या आपो बेटाचं. पाऊण चौरस किलोमीटरचं जेमतेम बेट. सत्तरच्या दशकात सिलिमन विद्यापीठातले जीवशास्त्रज्ञ अँजेल अल्काला आणि त्यांचे सहकारी तिथल्या मच्छीमारांशी बोलू लागले. सुरुंगाच्या मासेमारीने प्रवाळ खलास होत चालले होते. १९८२ मध्ये गावाने ठरवलं, किनाऱ्याचा साधारण अर्धा किलोमीटरचा तुकडा पूर्ण बंद. बाकी बेटाभोवती मासेमारी चालू, पण पारंपरिक साधनांनी. पहारा गावाचाच. पुढच्या वीसेक वर्षांत त्या तुकड्यात मोठे मासे वाढले आणि ते लगतच्या पाण्यातही दिसू लागले, हे अल्काला आणि गॅरी रस यांनी वर्षानुवर्षं पाण्यात उतरून मासे मोजून दाखवलं. जगभरच्या सागरी नियोजनात ‘आपो’चं नाव आदराने घेतात ते यासाठी.

याचा पुढचा भाग मात्र सहसा कोणी सांगत नाही. १९९४ मध्ये आपो राष्ट्रीय संरक्षित क्षेत्र झालं. कारभार त्या क्षेत्राच्या व्यवस्थापन मंडळाकडे गेला, पर्यटकांचं शुल्क आधी सरकारी तिजोरीत जाऊ लागलं आणि तिथून गावात परत यायला वेळ लागू लागला. रेघ तीच राहिली, पण राखणारे बाजूला पडले. मग २०११ आणि २०१२ च्या डिसेंबरांत आलेल्या वादळांनी तो राखलेला तुकडाच झोडपून काढला. एकच तुकडा राखला की अशी जोखीम असते.

दुसरं टोक ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफचं. ३,४४,४०० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राहून मोठा सागरी पार्क. १९७५ च्या कायद्याने तो झाला, पण पुढची पंचवीस-तीस वर्षं पूर्ण मासेमारीबंद भाग पाच टक्क्यांच्याही आत होता, आणि तोही प्रामुख्याने प्रवाळभिंतींवर. मग त्यांनी सगळा पार्क ७० जैवप्रदेशांत वाटला, ३० प्रवाळांचे आणि ४० बाकीचे. प्रत्येकातला किमान २० टक्के भाग बंद ठेवायचा असा नियम घातला. मार्क्सन नावाची संगणकप्रणाली वापरली. समुद्राचे छोटे छोटे तुकडे पाडले की ही प्रणाली कमीत कमी ‘किमतीत’ ठरलेलं उद्दिष्ट गाठणारे तुकडे निवडते. लोकांकडून दोन फेऱ्यांत ३१ हजारांवर निवेदनं आली आणि त्यानुसार रेघा खरोखर हलवल्या गेल्या. १ जुलै २००४ पासून एक तृतीयांश पार्क मासेमारीला बंद झाला. मला त्यात सर्वांत आवडलेली गोष्ट अगदी साधी आहे. प्रवाळाच्या काठाकाठाने वळणावळणाची हद्द न आखता त्यांनी शक्य तिथे अक्षांश-रेखांशांना धरून सरळ रेघा मारल्या, म्हणजे होडीतल्या माणसाला जीपीएसवर कळावं आपण कुठे आहोत. आणि नुकसान झालेल्या मच्छीमारांना भरपाई दिली. ती सुरुवातीच्या अंदाजाच्या कितीतरी पट झाली, तरी दिली.

आपल्याकडे कोणी उत्साहाने मार्क्सन चालवायला घेतलं की मी आधी विचारते, ‘किंमत’ म्हणून काय भरलंय? बहुधा बंदरावर उतरलेल्या मासळीचे आकडे असतात. रापणीची मासळी बंदरावर उतरतच नाही, ती पुळणीवरच विकली जाते. म्हणजे संगणकाच्या लेखी रापणीचं पाणी फुकट, आणि फुकट पाणी तो सर्वांत आधी बंद करतो. यात संगणकाचा काही दोष नाही.

गंमत अशी की अभयारण्याला विरोध करणारे पारंपरिक मच्छीमारच गेली कित्येक वर्षं सरकारकडे झोनिंग मागत आहेत. ते त्याला झोनिंग म्हणत नाहीत, इतकंच. किनाऱ्यालगत ठरावीक वाव खोलीपर्यंत ट्रॉलर नको, पर्ससीनची मोठी वेढा-जाळी लावणारे आत नकोत, एलईडी दिवे लावून मासे गोळा करणं बंद करा. २०१६ मध्ये सरकारने पर्ससीनवर निर्बंध घातले, सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच मुदत दिली. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते तीही एक हद्दच, फक्त पंचांगातली. खोली, साधन आणि हंगाम, या तीन गोष्टींनी आखलेली हद्द मच्छीमाराला लगेच समजते, कारण तो स्वतः असाच विचार करतो. त्याच्या स्वतःच्या जागासुद्धा तशाच ठरलेल्या असतात. देवळाचा कळस आणि मागच्या डोंगराचं टोक एका रेषेत आलं, आणि दुसऱ्या बाजूला किल्ल्याचा बुरूज अमक्या माडाच्या सरळ आला, की खाली खडक. जीपीएस येण्याआधीपासून ही रीत चालत आली आहे आणि काही मीटरांच्या फरकाने ती बरोबर असते. गाभ्याची हद्द अशा खुणांच्या भाषेत लिहिली तर ती पाळण्याची निदान शक्यता निर्माण होते.

म्हणून माझं मत असं, आणि वनखात्यातल्या माझ्या काही मित्रांना ते पटत नाही, की २९ चौरस किलोमीटरवर एकसारखं ओझं टाकण्यापेक्षा पद्मगडाभोवतीच्या खडकांचे दोन-तीन लहान तुकडे पूर्ण बंद करावेत. ते दांडी-मालवणच्या लोकांनी निवडावेत आणि राखावेत. बाकीच्या पाण्यात रापण, गळ, लहान जाळी यांना लेखी, कायमची मुभा द्यावी. अभयारण्य ठरवताना एखादा हक्क पुढे चालू ठेवायची सोय कायद्यात आहे. पर्ससीन आणि ट्रॉलर मात्र पूर्ण बाहेर. लहान तुकड्यांनी बांगडा-तारलीचे थवे वाचणार नाहीत, ते फिरते मासे आहेत, हे मला मान्य आहे. त्यांच्यासाठी हंगाम आणि साधनांचे नियमच लागतात. पण प्रवाळ, खडकावरचे मासे, शेवंड, यांना जागा पुरते.

आणि प्रवाळाला मालवणात मोठा उपद्रव जाळ्याचा नाही, हौसेचा आहे. स्नॉर्कलिंगसाठी किल्ल्याजवळच्या उथळ खडकांवर होड्या लागतात. नांगर थेट खडकावर पडतो. पोहता न येणारा पर्यटक दमला की पाय टेकतो, तो प्रवाळावर. मासे जवळ यावेत म्हणून बिस्किटं नाहीतर पाव टाकतात. प्रवाळ हा २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे वाघाच्या पंगतीला बसलेला प्राणी. वाघाच्या पाठीवर उभं राहून कोणी फोटो काढत नाही. अंदमानात वांडूरच्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात यावर एक साधी तोड आहे. जॉली बॉय आणि रेड स्किन ही दोन बेटं पर्यटकांसाठी आळीपाळीने उघडतात. एक चालू असतं तेव्हा दुसरं विश्रांती घेतं. मालवणातही खडकांच्या अशा पाळ्या लावता येतील. होड्या चालवणारे बहुतेक मच्छीमार घरांतलेच आहेत. कोणता खडक कधी राखायचा हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं.

याची सुरुवात तरंगत्या बोयांपासून करावी असं मी सुचवत असते. खडकापासून थोडं दूर, वाळूत वजन टाकून साखळीला बोया बांधायचा आणि होडीने नांगर न टाकता त्यालाच दोर लावायचा. दोन-चार बोयांनी एका खडकाची हद्द डोळ्यांना दिसू लागते, आणि ती पाळली की नाही हेही सगळ्या गावाला दिसतं. खर्च फार नाही. अडचण एवढीच की जूनच्या आधी ते काढून घ्यावे लागतात, नाहीतर पावसाळ्यात साखळीसकट जातात, आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा टाकावे लागतात. हे काम दरवर्षीचं आहे, आणि आपल्याकडे योजना असते ती एकदाच वस्तू खरेदी करण्याची. मागच्या बैठकीत बोया खरेदीला कोणाचीच हरकत नव्हती. काढण्या-टाकण्याची मजुरी कोणत्या खात्याने द्यायची, यावर तास गेला, आणि विषय पुढच्या बैठकीवर ढकलला गेला.