तिथी बघून मालवण

मालवणला कधी यावं, असं कुणी विचारलं की मी महिना सांगत नाही, तिथी सांगतो. अमावास्या किंवा पौर्णिमा उलटल्यावरची द्वितीया-तृतीया. खडकाळ किनाऱ्यावरच्या जीवांचा अभ्यास हा माझा विषय, आणि हे जीव बघायचे तर उधाणाची ओहोटी गाठावी लागते. दिवाळीत येणाऱ्यांचं भाग्य असं, की लक्ष्मीपूजन अमावास्येचं, पाडवा प्रतिपदेचा आणि भाऊबीज द्वितीयेची. सगळी सुट्टी उधाणाच्या दिवसांतच येते. तरीही बहुतेक पाहुणे नेमके ओहोटीच्या वेळी हॉटेलात न्याहारी करत असतात.

किनाऱ्यावरच्या माणसांचा एक जुना हिशेब आहे. तिथीच्या आकड्याला तीनने गुणायचं आणि चारने भागायचं. उत्तर येईल तो पूर्ण भरतीचा तास. भाऊबीजेला दोन त्रिक सहा, भागिले चार, म्हणजे दीड. दुपारी दीडच्या सुमारास भरती पूर्ण होणार आणि त्याआधी सहा तास, म्हणजे सकाळी सात-साडेसातला, पाणी सगळ्यांत खाली असणार. बंदराप्रमाणे थोडं मागंपुढं होतं, पण निघायची वेळ ठरवायला एवढं पुरतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो. तेव्हा पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. त्या दिवशी खुशाल बाजार फिरा.

तर भाऊबीजेला सकाळी साडेसहालाच दांडीच्या बाजूला मोरयाच्या धोंड्याकडे चला. 25 नोव्हेंबर 1664 रोजी सिंधुदुर्गाच्या पायाभरणीच्या वेळी शिवाजी महाराजांनी जिथं पूजा केली, तो हा खडक. त्यावर गणपती, चंद्र, सूर्य कोरलेले आहेत. नमस्कार करा आणि मग मान खाली घालून पाण्याच्या दिशेनं सावकाश चालू लागा. पायांत पकड असलेली चप्पल हवी, कारण शेवाळ घसरडं असतं आणि कालवांच्या कडा पाय कापतात.

सगळ्यांत वरच्या, कोरड्या पट्ट्यात ज्वारीच्या दाण्याएवढ्या गोगलगाई खडकांच्या भेगांत दाटीवाटीनं बसलेल्या दिसतील. त्यांना फक्त लाटांचे तुषार मिळतात, तेवढ्यावर त्या तगतात. त्याच्या खाली बार्नेकल. हे दिसतात शिंपल्याच्या जातीचे, पण नातं कोळंबी-कुर्ल्यांशी. पिल्लू असताना पाण्यात पोहतात, मग एकदा डोकं खडकाला चिकटवलं की जन्मभर तिथंच. भरती आली की झाकण उघडून पाय बाहेर काढायचे आणि पाण्यातले अन्नकण ओढून घ्यायचे, हे त्यांचं जेवण. आणखी खाली कालवांचा थर. तिथं ओणव्यानं बसून कालवं फोडणाऱ्या बायका भेटतील. त्यांच्याशी बोला. कोणत्या खडकावर कालव कधी भरतं, कुठं यंदा कमी झालं, हे त्यांना माझ्याहून जास्त ठाऊक असतं, आणि हे मी मनापासून लिहितो आहे.

कालवांच्या खालचा पट्टा मला सगळ्यांत प्रिय. इथं खडक उघडा पडतो तो महिन्यातल्या मोजक्या दिवशी आणि तोही थोडाच वेळ. हिरवट-तपकिरी, मऊ गादीसारखा जो थर दिसतो तो शेवाळाचा नव्हे, तो झोअँथिड नावाच्या प्राण्यांचा. प्रवाळांचे हे बिनसांगाड्याचे भाऊबंद. बोट लावू नका, काहींच्या अंगात जहाल विष असतं. शेजारच्या डबक्यांत समुद्रफुलं, कोळंबीची काचेसारखी पिल्लं, दुसऱ्याच्या शंखात बिऱ्हाड केलेले खेकडे. पावसाळा संपल्यावर या खडकांवर समुद्री शेवाळं जोरात वाढतात. सारगॅसमचे तपकिरी झुबके, उल्व्हाची पोपटी पानं. त्यांच्या आडोशाला माशांची पिल्लं राहतात. एका डबक्यापाशी दहा मिनिटं न हलता बसलात तर आधी रिकामं वाटलेलं पाणी हलू लागतं. घाई करणाऱ्याला इथं काही दिसत नाही.

पाणी चढू लागलं की परत फिरा. समुद्राकडे पाठ करून खडकावर उभं राहू नये, हे लहान मुलांना आधीच सांगून ठेवावं.

मग धक्क्यावर जाऊन सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी धरा. पावसाळ्यात या होड्या बंद असतात, दिवाळीत चालू असतात. किल्ल्याचा इतिहास तुम्हाला तिथले वाटाडे सांगतील: हिरोजी इंदुलकरांनी केलेलं बांधकाम, पायात ओतलेलं शिसं, राजाराम महाराजांच्या काळातलं शिवराजेश्वराचं मंदिर. मी दोनच गोष्टींकडे बोट दाखवतो. पहिली, दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरी. चहूकडे खारं पाणी असताना किल्ल्याच्या या कुरटे बेटावर गोडं पाणी मिळतं, कारण बेटाच्या पोटात मुरलेलं पावसाचं पाणी समुद्राच्या पाण्याहून हलकं असतं. दुसरी, तटाचा पाया. सुमारे तीन किलोमीटरचा हा तट म्हणजे माणसानं उभा केलेला खडकाळ किनारा आहे. सकाळी आडवे पाहिलेले पट्टे इथं भिंतीवर उभे चढलेले दिसतात. होडी तटाजवळून जाईल तेव्हा पाण्याच्या रेषेवर नजर ठेवा.

या किल्ल्याभोवतीचं पाणी 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, क्षेत्र सुमारे 29 चौरस किलोमीटर. सिंधुदुर्ग आणि पद्मगड त्याच्या गाभ्यात येतात. उथळ पाण्यात इथं खरेखुरे प्रवाळ आहेत, पोराइट्स आणि टर्बिनेरिया त्यांतले ठळक. अभयारण्य जाहीर झालं तेव्हापासून मच्छीमारांच्या मनात धास्ती आहे आणि ती खोटी नाही. ज्यांचं पोट या पाण्यावर आहे त्यांना बाजूला ठेवून इथलं काहीही राखता येणार नाही, असं माझं ठाम मत आहे. पारंपरिक मासेमारीनं प्रवाळ संपलेले नाहीत. पाणी तापलं की ते पांढरे पडतात, आणि उथळ जागी पर्यटकांचे पाय त्यांच्यावर पडतात. पाय पडणं थांबवणं तर आपल्या हातात आहे. स्नॉर्केलिंगला जरूर उतरा, पण दमलात तर तरंगत राहा, खडकावर उभे राहू नका. एका पावलानं मोडतं ते वाढायला प्रवाळाला वर्षानुवर्षं लागतात.

पाडव्याच्या दिवशी मालवणात असाल तर रामेश्वर-नारायणाची पालखी चुकवू नका. ग्रामदैवत त्या दिवशी गावाची आणि किनाऱ्याची फेरी करतं आणि सगळं मालवण रस्त्यावर उतरतं. चिवल्याच्या वेळेवर, म्हणजे किनाऱ्यावर, रापणीचं जाळं ओढताना दिसलं तर दोराला हात लावा. कुणी नको म्हणत नाही. जाळं किनाऱ्याला लागलं की नुसते बांगडे आणि तारल्या मोजू नका, त्यांच्याबरोबर काय काय आलं आहे तेही बघा. त्या पाण्यात, त्या मोसमात काय जगतं आहे, याची माहिती त्या एका ढिगात असते. संध्याकाळी बंदरावर लिलावाला थांबा. दर समजले नाहीत तरी मासे ओळखायला तिथं शिकता येतं.

आता विनंती. दगड उलटून पाहिलात तर तो होता तसाच परत ठेवा, कारण खालच्या बाजूला राहणारे जीव उन्हात मरतात. रिकामे शंख घरी नेऊ नका. शंखात राहणाऱ्या खेकड्यांना वाढत्या अंगासाठी सतत मोठं घर लागतं आणि ते त्यांना आयतंच शोधावं लागतं. प्रवाळाचा तुकडा, वाळूत पडलेला आणि मेलेला असला तरी, उचलू नका आणि दुकानातून विकतही घेऊ नका. 2001 पासून खडक-प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्यानं वाघाइतकंच संरक्षण दिलेलं आहे.