ठोकलेले पडदे

वकिली हा निव्वळ शब्दांचा धंदा. हातांना त्यात सहीपलीकडे काम नाही. म्हणूनच, जेथे १९६५ पासून खनिज तेल शुद्ध होते त्या कोयलीस राहत असता, आम्ही सुट्या भागांची विद्युत्-गिटार घरी जुळवावयास घेतली. काचकागदाने लाकूड घासले, रोगणाचे पातळ हात दिले, तारा चढविल्या. तारांखाली लोहचुंबक व त्याभोवती तांब्याचे वेटोळे. पोलादी तार थरथरली की वेटोळ्यात वीज उपजते. १८३१ साली फॅरेडेने दाखविलेले तत्त्व ते हेच.

पडद्यांनी मात्र आम्हांस विचारात पाडले. मिरजेचा कारागीर सतारीचे पडदे धाग्याने दांडीस बांधतो. रागाप्रमाणे ते सरकविता येतात. गिटारीचे पडदे कारखान्यातच ठोकलेले. सप्तकाचे बारा सारखे भाग, प्रत्येक पडदा कायद्याच्या कलमासारखा अढळ. दरबारीचा अतिकोमल गांधार त्यांत कोठेच बसत नाही. परंतु ऋषभाच्या पडद्यावर तार बोटाने आडवी ओढिली, तो तोच गांधार हळूच वर आला!

न्यायालयातही कलम जागचे हलत नाही. तार ओढणारे बोट मात्र जाणते हवे.