ग्लॅडॉसबाईंचा दुसरा भाग

सिनेमा असो, कादंबरी असो की व्हिडिओ गेम, दुसरा भाग काढायचा म्हटलं की लेखकाची पंचाईत होते ती व्हिलनपाशी. नायकाचं काही नाही, त्याला नवी मोहीम दिली की झालं. पण व्हिलन पहिल्या भागात हरलेला असतो, बऱ्याचदा मेलेलाही असतो. त्याला परत आणायचं ते कशासाठी? मग एक तर तो "सूड! सूड!" करत येतो, नाहीतर लहानपणी त्याच्यावर केवढा अन्याय झाला होता हे सांगून त्याला साधुसंत करून टाकतात. दोन्ही प्रकार बघून बघून आता कंटाळा आलाय.

याला माझ्या पाहण्यातला एक सणसणीत अपवाद म्हणजे 'पोर्टल' आणि 'पोर्टल 2'. त्यातल्या बाईंबद्दल बरेच दिवस लिहायचं मनात होतं. ज्यांना हे गेम अजून खेळायचे आहेत त्यांनी इथेच थांबावं, कारण पुढे सगळे शेवट फोडलेले आहेत. आणि ज्यांनी आयुष्यात मेंढीकोट सोडून दुसरं काही खेळलेलं नाही (काका, तुम्हीच!), त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी.

पोर्टल आला ऑक्टोबर 2007 मध्ये, व्हॉल्व्ह कंपनीकडून. तोही एकटा नाही, 'ऑरेंज बॉक्स' नावाच्या संचात इतर मोठ्या गेम्सच्या जोडीला लिंबूटिंबू म्हणून. डिजिपेन या अमेरिकेतल्या संस्थेतल्या काही विद्यार्थ्यांनी आधी 'नार्बॅक्युलर ड्रॉप' नावाचा एक छोटा गेम केला होता. व्हॉल्व्हने ती पोरंच नोकरीवर घेतली आणि त्यांच्या कल्पनेतून हा उभा राहिला. तुमच्या हातात एक बंदूक असते, पण ती गोळी मारत नाही, दारं पाडते. एका भिंतीवर निळं दार, दुसरीवर केशरी. एकातून आत गेलं की दुसऱ्यातून बाहेर. एवढ्या भांडवलावर एकेक खोली सोडवत पुढे जायचं. जेमतेम तीन-चार तासांचा खेळ.

तुम्ही असता चेल नावाची मुलगी. ती अख्ख्या गेममध्ये एक शब्द बोलत नाही. अ‍ॅपर्चर सायन्स नावाच्या अवाढव्य प्रयोगशाळेत तिला जाग येते. आजूबाजूला चिटपाखरू नाही. फक्त छतातून एक आवाज येतो. हीच ग्लॅडॉस, प्रयोगशाळा चालवणारा संगणक. आवाज एलेन मॅक्लेन यांचा. त्या मुळात ऑपेरा गाणाऱ्या, आणि तो सूर ऐकताना जाणवतो.

पहिल्या भागातल्या ग्लॅडॉसचा हेतू काय? गंमत म्हणजे, वैयक्तिक असा काहीच नाही. स्टेशनवरच्या घोषणेसारख्या सुरात ती सूचना देत राहते. अमुक करा, तमुक टाळा, सहकार्याबद्दल आभार. मध्येच बेधडक खोटं बोलते. शेवटी केक मिळेल म्हणते. एका खोलीत तुम्हाला हृदयाचं चित्र काढलेला एक ठोकळा सोबतीला देते आणि खोली संपताना तोच भट्टीत टाकायला लावते. शेवटच्या खोलीत तर तुम्हालाच जाळाकडे नेऊन सोडते. तेही रागाने नाही बरं का! चाचणी संपली, नमुन्याची विल्हेवाट लावायची, विषय संपला. तिच्या लेखी चेल ही कोणी व्यक्ती नाहीच. फाइलमधला एक नंबर.

चेल जाळातून निसटते आणि भिंतींच्या मागे पळते, तेव्हा कुठे बाईंचा सूर बदलायला लागतो. लाडीगोडी, धमकी, परत लाडीगोडी. शेवटी दोघी समोरासमोर येतात, तेव्हा ग्लॅडॉसच्या अंगावरून एक गोळा गळून पडतो. तुम्ही तो भट्टीत टाकता, आणि मग कळतं की ती तिची नीतिमत्ता होती. पूर्वी तिने प्रयोगशाळेत विषारी वायू सोडला होता, म्हणून माणसांनी ती तिला वरून बसवली होती. आली का पंचाईत! मग उरलेले गोळेही जाळायचे आणि स्फोटात ती संपते. निदान आपल्याला तसं वाटतं. पडद्यावर नावं सरकायला लागतात आणि बाई जोनाथन कोल्टनने रचलेलं एक गोड गाणं म्हणतात, आपण अजून जिवंत आहोत असं सांगणारं.

म्हणजे पहिल्या भागाचं उत्तर सरळ होतं. यंत्र बिघडलं. त्याला वाईट म्हणायचं असेल तर मिक्सरलाही म्हणावं लागेल.

मग मार्च 2010 मध्ये व्हॉल्व्हने एक मजेशीर गोष्ट केली. लोकांनी विकत घेऊन खेळून संपवलेल्या पहिल्या गेमचा शेवटच एका अपडेटमधून बदलला. आधी स्फोटानंतर चेल बाहेर मोकळ्यावर पडलेली दिसायची. आता तिला कोणीतरी ओढत परत आत नेतं. तुमच्या कपाटातल्या पुस्तकाचं शेवटचं पान कोणी गुपचूप बदलून जावं तसं. दुसऱ्या भागाची ती नांदी होती.

पोर्टल 2 आला एप्रिल 2011 मध्ये. मधे किती काळ गेला कोण जाणे, प्रयोगशाळेत झाडं उगवलीत. व्हीटली नावाचा एक बडबड्या, बावळट गोळा (आवाज स्टीफन मर्चंट) चेलला पळून जायला मदत करत असतो, आणि त्या खटपटीत चुकून ग्लॅडॉसला जागं करतो.

जागी झाल्यावर ती किंचाळत नाही. ती शांतपणे सांगते की तू माझा खून केलास, आणि मला माझ्या मरणाची शेवटची दोन मिनिटं पुन्हा पुन्हा बघावी लागली. पण असो, झालं गेलं विसरून कामाला लागू, विज्ञानासाठी. आणि मग सुरू होतात ते टोमणे! तू केवढी जाड झालीस. हे कपडे तुला शोभत नाहीत. तुला आईवडील नाहीत ना, अरेरे. आपल्याकडच्या लग्नसमारंभात दोन तास काढलेल्या कुठल्याही मुलीला हा सूर पाठ असेल. :)

मला इथे पहिल्यांदा थबकायला झालं. पहिल्या भागात ती चेलला मारायला निघाली होती, तरी तिचा द्वेष करत नव्हती. आता द्वेष करते, पण त्याआधी तिला चेल माणूस म्हणून दिसायला लागलेली असते. टोमणा नंबराला मारता येत नाही. त्यासाठी समोरच्याचं वर्मस्थान ठाऊक हवं. सूड वाईटच, पण त्या थंड आभारप्रदर्शनापेक्षा तो एक पायरी जास्त माणसातला आहे.

पण लेखक इथे थांबत नाहीत. अर्ध्या वाटेवर ते बाईंना खुर्चीवरून उतरवतात. ग्लॅडॉसचं डोकं त्या प्रचंड यंत्रावरून निघतं आणि तिथे व्हीटली बसतो. चेलची लिफ्ट वर निघालेली असते. सुटका चार हातांवर. आणि तेवढ्यात तो गोड, बावळट व्हीटली हसायला लागतो, लिफ्ट थांबवतो. काही मिनिटांत तो ग्लॅडॉसपेक्षा वाईट होतो. ग्लॅडॉसला तो चक्क एका बटाट्यावर चालणाऱ्या यंत्रात कोंबतो. (हो, बटाटा. शाळेत विज्ञान प्रदर्शनात बटाट्यावर दिवा लावायचो ना, तसा.)

मग कळतं की त्या यंत्रातच चाचण्या घेण्याची चटक भरलेली आहे. कोणीतरी खोली सोडवली की तिथे बसलेल्याला सुखाची लहर येते, ती हळूहळू ओसरते, मग आणखी चाचण्या. म्हणजे पहिल्या भागातलं सगळं ते तिचं होतं की खुर्चीचं? चार वर्षांपूर्वी संपवलेली गोष्ट आपण मनात परत चाळायला लागतो.

बटाट्यातली ग्लॅडॉस आणि चेल प्रयोगशाळेच्या तळाशी कोसळतात. तिथे जुनी, 1950 च्या दशकापासूनची दालनं गाडलेली आहेत. तिथे कंपनीच्या संस्थापकाचा, केव्ह जॉन्सनचा ध्वनिमुद्रित आवाज ऐकू येतो (जे. के. सिमन्स, अफलातून). त्याच्या सोबत असते त्याची सहायक, कॅरोलाइन. चटपटीत, हसरी, सदैव "होय साहेब" म्हणणारी. तिचा आवाज ऐकला की बटाट्यातली ग्लॅडॉसही नकळत "होय साहेब" म्हणते. मग स्वतःच दचकते. शेवटच्या मुद्रणात जॉन्सन आजारी आहे. माणसाला संगणकात घालायची विद्या मी मरण्याआधी साधली नाही, तर कॅरोलाइनला घाला, असं तो सांगतो. ती नाही म्हणेल, ऐकू नका.

ती नाही म्हणेल, ऐकू नका. पुढे काय झालं ते गेम दाखवत नाही. दाखवायची गरजही नाही.

ही गोष्ट मी एकदा आईला सविस्तर सांगितली. भाजी निवडता निवडता तिने सगळी ऐकून घेतली आणि म्हणाली, "म्हणजे आपल्या माईच की."

माई म्हणजे माझी आजी, वडिलांची आई. आता नाहीत. घरच्या मंडळींना पुढचं ठाऊक आहेच, आणि आईला विचारूनच लिहितोय. माई सातवीत पहिल्या आल्या होत्या, त्यांना शाळेत मास्तरीण व्हायचं होतं. कोणी विचारलं नाही, पंधराव्या वर्षी लग्न लावून मोकळे झाले. सासूच्या हाताखाली वीस वर्षं "हो" म्हणत काढली, आणि सासू गेल्यावर किल्ल्यांचा जुडगा त्यांच्या कमरेला आला. त्यानंतर माई पोळ्या मोजायला लागल्या. तेल पळीने काढून द्यायच्या. आई स्वयंपाक करायची आणि त्या पाटावर बसून फक्त बघायच्या. चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे असं आपण म्हणतो, पण दिवस पालटले तरी तो पाट तिथेच असतो, हे त्या म्हणीत येत नाही.

पुढे ते घर विकलं, माई ठाण्याला फ्लॅटमध्ये आल्या. किल्ली एकच, लॅचची, तीही सगळ्यांकडे. आणि वर्षभरात माई बदलल्या. आईशी पेपरातल्या बातम्यांवर वाद घालायला लागल्या, दुपारी पत्ते मांडायला लागल्या. आमच्या नातवंडांच्या आठवणीतल्या माई याच. लाडक्या.

मी आईला म्हटलं, पण त्यांना तरी कोणी विचारलं होतं? त्यांचंही चुकलं कुठे?

आई म्हणाली, "त्यांना कोणी विचारलं नव्हतं हे खरंच आहे. पण मलाही कोणी विचारलं नव्हतं. मी नाही कुणाच्या पोळ्या मोजल्या."

पोर्टल 2 चा शेवट मला तेव्हापासून जास्त आवडायला लागला. तो असा. झटापटीत चेल थेट चंद्रावर दार पाडते, व्हीटली त्यातून अवकाशात फेकला जातो, चेलही जाणार तेवढ्यात ग्लॅडॉस तिला ओढून परत आत घेते. ती आता आपल्या खुर्चीत परतलेली असते. तू माझी वैरीण वाटत होतीस, पण मैत्रीण निघालीस, असं काहीतरी बोलते. आपला गळा दाटून येतो. आणि पुढच्याच क्षणी ती म्हणते, या भावनेमुळे कॅरोलाइन माझ्या आत नेमकी कुठे आहे ते कळलं. मग ती कॅरोलाइनला पुसून टाकते.

मग तरी ती चेलला मारत नाही. का? तर तुला मारणं फार कटकटीचं आहे, सर्वात सोपा मार्ग म्हणजे तुला सोडून देणं. जा, परत येऊ नकोस.

तिने कॅरोलाइनला खरंच पुसलं की नुसतं तसं दाखवलं, यावर खेळणारे अजून भांडतात. मला तो वाद फारसा महत्त्वाचा वाटत नाही. खुर्ची तीच, चटक तीच, अंगावर नीतिमत्तेचा गोळा नाही, आणि तरी या वेळी ती लिफ्ट थांबवत नाही. माझ्यावर अन्याय झाला होता म्हणून मी अशी, हे कारण ती वापरत नाही. तेच कारण पुसून टाकते, आणि तरीही दार उघडते. माफी मागत नाही. फक्त चेल गव्हाच्या शेतात पोचल्यावर मागून दार पुन्हा उघडतं आणि तो हृदयवाला ठोकळा बाहेर फेकला जातो. काळवंडलेला.

एक गोष्ट मात्र दोन्ही भागांत बदलत नाही. ग्लॅडॉसला भूतकाळ मिळाला, आवाज मिळाला, शेवटी म्हणायला दोन गाणी मिळाली. चेलला दोन गेम मिळून एक वाक्य नाही. खेळणाऱ्याला आपण चेल आहोत असं वाटावं म्हणून ते तसं ठेवतात, कबूल. पण आमच्या घरातही माईंच्या सातवीतल्या पहिल्या नंबराची गोष्ट प्रत्येक लग्नात सांगितली जाते. आई सातवीत कितवी आली होती?

दुसरी. आणि तिला चित्रकला शिकायची होती. हेही आता इथे लिहिलेलं असू दे.