एकदाच फिरवलेली किल्ली



पावसाचा जोर वाढला की मला 2019 चा ऑगस्ट आठवतो. कोल्हापुरात पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट. त्या वर्षी पाणी 55 फुटांच्या वर गेलं. आम्ही जावेकडे मुक्कामाला, आणि गाडी आमच्या पार्किंगमध्ये सीटपर्यंत बुडालेली.

पाणी ओसरल्यावर घरी आलो. गाडीत चिखल, कुबट वास आणि पाय ठेवायच्या जागी गांडुळं वळवळत होती. ती सुपलीत अलगद घेऊन मी कुंडीजवळ सोडायला गेले. तेवढ्यात ह्यांनी किल्ली फिरवली. 'खट्' असा आवाज झाला आणि गाडी गप्प.

गॅरेजवाल्यानं नंतर समजावलं. हवा आत जाते त्या वाटेनं पाणी सिलिंडरमध्ये शिरतं. पिस्टन हवा दाबू शकतो, पाणी दाबलं जात नाही. मग आतला रॉड वाकतो. म्हणून बुडालेल्या गाडीला किल्ली लावायचीच नाही. बॅटरीची वायर काढायची, पाण्याची खूण दिसेल असे फोटो घ्यायचे, विमा कंपनीला कळवायचं आणि गाडी ओढून न्यायची.

विम्याचे कागद घरात मीच बघते, बी.कॉम. झाल्याचा तेवढाच उपयोग! पण इंजिनाचं जादा संरक्षण चार पैसे वाचवायला मीच घेतलं नव्हतं. त्यामुळे पुराचं नुकसान मिळणार होतं, गाडी सुरू करायला जाऊन झालेलं नाही. ओळखीतला एकजण म्हणाला, "काकू, किल्ली लावलीच नाही म्हणा. कोण बघायला आलंय?"

खोटं कशाला बोलू, माझं मन डळमळलं. चातुर्मास चालू, रोज सामायिकाला बसते, सत्याचं अणुव्रत घेतलेलं. तरी सर्व्हेअरनं विचारलं तेव्हा 'नाही' अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात हेच म्हणाले, "मी एकदा फिरवली हो किल्ली."

इंजिनाचे पैसे नामंजूर झाले. एक एफडी मुदतीआधी मोडली. मी दोन दिवस अबोला धरला. राग किल्लीचा नव्हताच. हे बोलले आणि मी गप्प राहिले, त्याचा होता.

त्या वर्षी क्षमावाणीला मी सगळ्यांत आधी ह्यांच्यापुढे हात जोडले. हे हसून म्हणाले, "आता पॉलिसी नीट वाचून घे."

तुम्हीही पावसाळ्याआधी कपाटातली पॉलिसी एकदा काढून वाचा.