पाण्यात पाहिल्यासारखं

दुकानात येणारा जवळजवळ प्रत्येक जण एकच वाक्य सांगतो, "मॉनिटर हलतोय." मी विचारतो, हलतोय म्हणजे नेमकं काय करतोय? लुकलुकतोय, थरथरतोय, की आडवे पट्टे वर सरकतायत? लोकांना वाटतं, हा उगाच खोलात शिरतोय. पण माझं निम्मं काम त्या एका क्रियापदावर चालतं. उजेडच कमीजास्त होत असेल तर दोष बहुतेक वेळा आतल्या पॉवर सप्लायमध्ये किंवा बॅकलाइटमध्ये निघतो, कपॅसिटर फुगलेले असतात. पट्टे सरकत असतील तर मी केबल आणि अर्थिंग बघतो. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला की अशा तक्रारी वाढतात. आणि जुन्या पिक्चर ट्यूबवर उजेड आहे तसाच राहून अक्षरं जागच्या जागी थरथरत असतील, तर मॉनिटरला हात लावण्याआधी मी खोली बघतो.

हे मी मिरजेतल्या एका पतसंस्थेत शिकलो. 2005 सालचा उन्हाळा, भारनियमनाचे दिवस. काउंटरमागे भिंतीला टेकून ठेवलेला पंधरा इंची मॉनिटर, अर्थात पिक्चर ट्यूबचा. माझ्याआधी येऊन गेलेल्याने मॉनिटर बदलला होता, मग डिस्प्ले कार्ड बदललं होतं. तरी तक्रार थांबेना, तेव्हा कार्यालयाने ठरवून टाकलं होतं की काउंटरवर बसणाऱ्या बाईंच्या डोळ्यांतच काहीतरी आहे. त्यांनी चष्म्याचा नंबरही तपासून घेतला होता.

मी गेलो तेव्हा पडदा दगडासारखा स्थिर. मॅनेजर म्हणाले, "बघा, काही नाहीये." बाई मला म्हणाल्या, "दादा, जरा थांबा. पाण्यात पाहिल्यासारखं होतं. येतं आणि जातं." आणि त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून उलटं केलं. मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने आठवड्याभराच्या वेळा लिहिलेल्या होत्या. सकाळी दहा ते एक पुष्कळ वेळा. दुपारी नाही. संध्याकाळी पुन्हा. मंगळवारी अजिबात नाही. लाइट गेलेली असताना, म्हणजे यूपीएसवर काम चालू असताना, एकदाही नाही.

इतकी चांगली नोंद मला त्याआधी कुणी दिली नव्हती. आजही क्वचितच मिळते.

मी स्टूल ओढून बसलो. दहाएक मिनिटांनी रकान्यातला 8 डोलू लागला. तक्त्याची उभी रेघ नागासारखी वळली आणि ते वळण भराभर वर-खाली धावायला लागलं. अर्ध्या मिनिटाने सगळं जागेवर. पाण्यात पाहिल्यासारखं, हे बाईंचं वर्णन अगदी तंतोतंत होतं.

लाइट गेल्यावर त्रास थांबतो, यावरून कुणालाही वाटेल की विजेचा पुरवठाच खराब आहे. मलाही वाटलं. म्हणून लाइट चालू असताना यूपीएसचा प्लग भिंतीतून काढला. आता मॉनिटर फक्त बॅटरीवर. तरीही 8 डोललाच. म्हणजे दोष प्लगमधून येत नव्हता. मग संगणकाकडून येणारी केबल काढली. पडद्यावर मॉनिटरची स्वतःची 'सिग्नल नाही' ही चौकट आली, तीसुद्धा थरथरली. कार्ड आणि केबल सुटले. केबल परत लावून पडद्याचा रिफ्रेश रेट 60 वरून 75 वर नेला, तर तीच थरथर एकदम बारीक झाली.

इथे माझी खात्री पटली. आपली वीज सेकंदाला 50 आवर्तनं घेते. पडदा सेकंदाला 60 वेळा नव्याने रंगवला जातो. दोहोंतला फरक 10, म्हणून चित्र सेकंदाला दहा वेळा झुलतं. डोळ्याला सर्वांत जास्त खुपणारी लुकलुक याच वेगाच्या आसपासची असते. बाईंचं डोकं दुखणं अगदी खरं होतं. 75 केलं की फरक 25 होतो, झुलणं बारीक दिसतं. अमेरिकेत वीजच 60 आवर्तनांची, म्हणून तिकडच्या पुस्तकांत याच दोषाचं वर्णन संथ लाटेसारखं असतं, आणि ती लाट शोधत बसलं तर इकडे फसायला होतं.

मॉनिटर भिंतीपासून उचलून मधल्या टेबलावर ठेवला. स्थिर. परत भिंतीला लावला. थरथर. मॅनेजरांनी हे तीनदा करून बघायला लावलं, आणि तिसऱ्यांदा ते बाईंच्या शेजारी येऊन उभे राहिले.

पिक्चर ट्यूबमध्ये इलेक्ट्रॉनांचा झोत मागून येऊन काचेवर आदळतो आणि त्याला वळवतं ते कॉइलचं चुंबकीय क्षेत्र. बाहेरून दुसरं क्षेत्र आलं की झोत त्यालाही मानतो. पृथ्वीचं क्षेत्र आपल्याकडे साधारण 40 मायक्रोटेस्ला आहे, पण ते स्थिर असल्यामुळे चित्र हलत नाही. विजेच्या तारेचं क्षेत्र त्याच्या विसाव्या हिश्श्याएवढं असलं, तरी ते सतत दिशा बदलतं आणि अक्षरं नाचवतं.

कार्ल फर्डिनांड ब्राउन यांनी 1897 साली स्ट्रासबर्गमध्ये ही नळी पहिल्यांदा बनवली, ती चित्रं दाखवायला नव्हे. बदलता विद्युतप्रवाह डोळ्यांना दिसावा म्हणून. प्रवाह कॉइलमधून सोडायचा आणि झोत कसा हलतो ते काचेवर बघायचं. मिरजेतला तो मॉनिटर नेमकं तेच करत होता. कुठल्या तरी तारेतला प्रवाह तो आम्हाला दाखवत होता, आणि हेच दाखवणाऱ्या त्याच्याआधीच्या मॉनिटरला नादुरुस्त ठरवून बदलूनही झालं होतं.

भिंतीपलीकडे लाँड्री होती. मंगळवारी बंद.

मी तिकडे गेलो. लाँड्रीवाले मामा जाड चादर अंथरलेल्या टेबलावर पँट दाबत होते. हजार वॅटची इस्त्री. तापली की थर्मोस्टॅट बंद करतो, निवली की परत सुरू, आणि मुठीखालचा लाल दिवा त्याप्रमाणे लागतो-विझतो. मी दिव्याकडे बघत राहिलो. लागला, तसा भिंतीवर हात मारून ओरडलो, "आता?" पलीकडून बाईंचा आवाज आला, "हलतंय!" दिवा विझला. "थांबलं!" असं पाच-सहा वेळा झालं. मामांनी पँट बाजूला ठेवली आणि मग दिवा लागल्याचं तेच ओरडून सांगू लागले.

पण निव्वळ इस्त्रीमुळे असं व्हायला नको. फेज आणि न्यूट्रल एकाच पाइपातून शेजारी-शेजारी गेल्या तर जाणारा प्रवाह आणि येणारा प्रवाह एकमेकांचं क्षेत्र जवळजवळ पुसून टाकतात. वायरमनला बोलावलं, त्याने त्या भिंतीवरच्या पाइपाभोवती टाँग टेस्टर लावला. दोन्ही तारा आत असत्या तर काटा शून्यावर राहिला असता. त्याने चार अँपिअरच्या वर दाखवलं. उघडून बघितलं, तर पाइपात एकटी फेज. लाँड्रीची मूळ न्यूट्रल कधीतरी तुटली होती आणि कुणीतरी पुढच्या दुकानाच्या पॉइंटवरून दुसरी ओढून दिली होती. इस्त्री तापत होती, त्यामुळे कुणाची काही तक्रार नव्हती.

या उसन्या न्यूट्रलची मला मनापासून चीड आहे. पुढच्या दुकानाचा मेन स्विच बंद आहे म्हणून कुणी निर्धास्तपणे ती तार सोडवली, तर सुटलेलं टोक इस्त्रीवाटे जिवंत होतं. आरसीसीबी बसवलेली असेल तर ती असा प्रकार चालूच देत नाही, दोन तारांतल्या प्रवाहाचा हिशेब जुळला नाही की पडते. तिथे ती नव्हती. त्या जागी पडदा थरथरला, हे त्या इमारतीचं नशीब. वायरमनने मीटरपासून नवी न्यूट्रल त्याच पाइपातून आणली. बाईंनी कॅलेंडर सरळ करून खिळ्याला टांगलं.

आता पिक्चर ट्यूबा गेल्या. एलसीडीत वळवण्यासारखा झोतच नाही, शेजारून कितीही मोठी केबल जाऊ दे, अक्षर जागचं हलत नाही. पण बाहेरचा उपद्रव संपलेला नाही. मागच्या जानेवारीत नाशिकच्या एका हिशेबनीसांची तक्रार आली, पडदा मध्येच दोन सेकंद काळा होतो. मी फोनवरच सांगितलं, आठवडाभर वेळा लिहा, आणि त्या वेळी तुम्ही काय करत होता तेही लिहा. त्यांनी पाठवलेल्या कागदावर सात वेळा एकच शब्द होता, 'उठलो'. कोरडी हवा, गॅसवर वर-खाली होणारी खुर्ची, तिचं कृत्रिम कापड. उठताना घर्षणाने विद्युतभार साठतो, खुर्चीच्या लोखंडात ठिणगी पडते आणि तिचा झटका एचडीएमआय केबल टिपते. सिग्नल तुटतो, पुन्हा जुळतो.

चांगल्या शील्डिंगची आखूड केबल घेऊन गेलो. ती लावली आणि त्यांना म्हणालो, बसा. आता उठा. पुन्हा बसा.