पाच नंबरचे बूट

पहाटे साडेपाच. मैदानावर चुन्याची रेघ अजून ओली होती. क्रीडा संचालक म्हणून माझा दिवस जातो तो फायलींत. पात्रता अर्ज, रेल्वे आरक्षण, मुलांचा दैनिक भत्ता. आज मात्र आमची एक धावपटू स्टीपलचेसचा सराव करताना दिसली. बुटाला चिकटपट्टी गुंडाळलेली. ३००० मीटर, २८ अडथळे, ७ वेळा पाणी. आणि आमच्याकडे पाण्याचा खड्डाच नाही. पोरगी वाळूत उड्या मारत होती. साताऱ्याकडची ललिता बाबर २०१६ला रिओत याच शर्यतीच्या अंतिम फेरीत धावली, हे तिला तोंडपाठ आहे.

बुटांची मागणी तीन आठवडे लेखा विभागात पडून आहे. मी स्वतः तिथे जायला हवं होतं, फार आधी. आज दहाच्या ठोक्याला जाणार. माप वहीत लिहून घेतलंय: पाच नंबर.